बेचाळीस माणसे, एक बस आणि पंचगंगेचे पाणी

२०२३ च्या मे महिन्यात आम्ही दोघे युरोपची सहल करून आलो. परत आल्यावर कितीतरी दिवस जिथे जाईन तिथे एकच प्रश्न असायचा. गिरणीवर, डेअरीत दूध घालताना, बचत गटाच्या बैठकीत बाया विचारायच्या, "वैनी, काय काय बघितलं?" पहिले आठ दिवस मी हौसेने पॅरिसचा मनोरा आणि स्वित्झर्लंडचा बर्फ सांगत होते. मग एकदा खरे तेच तोंडातून निघाले. म्हटले, "बायांनो, सगळ्यात जास्त बघितली ती बसमधल्या पुढच्या सीटची पाठ!"

बाया हसल्या, पण त्यात खोटे काही नव्हते. कंपनीबरोबर सहलीला जाणे म्हणजे लग्नाच्या वऱ्हाडात जाण्यासारखे आहे. जेवायची, झोपायची, भाषेची चिंता नाही. पण आपल्या मनाने उठता येत नाही, की कुठे दोन घटका थांबता येत नाही. वऱ्हाडात जसे रुसवेफुगवे असतात तसे इथेही असतात आणि शेवटी निरोप घेताना डोळ्यांत पाणीही येते. आपल्यापैकी पुष्कळांची मुले आता आईवडिलांना अशा सहलीला पाठवू लागली आहेत. म्हणून जे गोड लागले आणि जे कडू लागले ते दोन्ही सांगावे, असे मनात आले.

मामंजींची बाटली

आमचे गाव करवीर तालुक्यातले. सहा एकर ऊस, तीन म्हशी, असा आमचा संसार. सहलीचे दोघांचे मिळून सात लाखांच्या वर गेले. म्हणजे आमच्या सगळ्या उसाचे एका वर्षाचे बिल म्हणा ना. निम्मे पैसे मुलाने घातले. तरीसुद्धा माझा जीव होत नव्हता. एवढ्या पैशात विहिरीवर नवी मोटर आणि गोठ्याला पत्रा झाला असता. पण आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, ते म्हणाले, "जा. एवढं बघून या. आणि फ्लॉरेन्सला जाणार असाल तर माझं एक काम करा."

काम असे होते. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली विलायतेला गेले होते. शाहू महाराजांच्याही आधीची ही गोष्ट. वय अवघे वीस. लंडनमध्ये व्हिक्टोरिया राणीची भेट झाली, निरनिराळ्या संस्था पाहिल्या, रोज इंग्रजीत रोजनिशी लिहिली. ती रोजनिशी पुढे १८७२ साली पुस्तकरूपाने निघाली. परत येताना इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरी ते आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी तिथल्या हॉटेलातच वारले. त्या मुलखात प्रेत जाळायची चाल नव्हती. तरी फ्लॉरेन्सच्या नगरपालिकेने खास परवानगी दिली आणि आर्नो नदीला जिथे मुन्योने नावाचा ओढा मिळतो त्या संगमावर त्यांचे दहन झाले. १८७४ साली त्या जागी छत्री उभी राहिली. तिचा आराखडा केला चार्ल्स मँट यांनी. आपल्या कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा आराखडाही त्यांचाच.

मामंजींना ही गोष्ट शाळेत असताना मास्तरांनी सांगितली होती. आता त्यांनी नव्वदी ओलांडली आहे, तरी ती विसरले नाहीत. त्यांनी औषधाची एक रिकामी बाटली घासून, उकळून घेतली होती. तीत पंचगंगेचे पाणी भरले होते. म्हणाले, "एवढं त्या छत्रीपाशी घाला. पोरगं परमुलखात गेलं. घरचं पाणी मिळालं नसंल त्येला."

आम्ही सहल कंपनीच्या कचेरीत पैसे भरताना विचारले, "फ्लॉरेन्समध्ये राजाराम महाराजांची छत्री दाखवता का?" टेबलामागच्या मुलीने कागदावर बोट ठेवून सांगितले, "हो, फ्लॉरेन्स आहेच की." आम्ही खूश झालो. पुढच्या सगळ्या घोटाळ्याचे मूळ या "आहेच की" मध्ये होते.

निघण्यापूर्वीची कसरत

व्हिसासाठी कागद किती लागतात म्हणाल, तर मुलीचे लग्न परवडले. आयकर भरल्याचे कागद मागितले. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, तर कागद कुठून आणायचे? मग सातबाऱ्याचे इंग्रजी भाषांतर, कारखान्याच्या उसाच्या बिलांच्या प्रती आणि बँकेचे खातेपुस्तक जोडले. दहा बोटांचे ठसे द्यायचे होते. माझ्या बोटांवरच्या रेघा खुरपून खुरपून गेलेल्या. यंत्र ठसा घेईना. तिसऱ्या वेळेला हात धुऊन, पुसून, दाबून धरला तेव्हा कुठे घेतला.

तिकडे दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून न्यायला बंदी आहे, म्हणून तूप आणि पेढे घरीच ठेवावे लागले. मी शेंगदाणे आणि गुळाचे लाडू केले, लसणाची चटणी घेतली आणि बाटली मोठ्या बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवली. हातातल्या पिशवीत जास्त पाणी चालत नाही, पण विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत चालते.

सहा-सात-आठ

आम्ही बेचाळीसजण होतो. पुण्याच्या एक निवृत्त शिक्षिका, नाशिककडचे एक द्राक्ष बागायतदार आणि त्यांच्या मंडळी, मुंबईचे एक मधुमेह असलेले आजोबा आणि त्यांचा मुलगा, सोलापूरकडची तीन कुटुंबे, आणि नुकतेच लग्न झालेले एक जोडपे. आमचा व्यवस्थापक सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा मुलगा होता. त्याने पहिल्याच दिवशी मंत्र दिला, "सहा, सात, आठ." म्हणजे सहाला उठायचे, सातला नाश्ता, आठला बस. आम्हाला सहाला उठणे म्हणजे उशीरच. पण शहरच्या मंडळींना ते जड जाई. रोज कोणीतरी उशिरा यायचे आणि बाकीचे बसमध्ये बसून घड्याळाकडे बघायचे.

त्यात ते नवे जोडपे पक्के. रोज दहा मिनिटे उशीर. तिसऱ्या दिवशी मीच उठून व्यवस्थापकाला म्हटले, "अहो, यांना काहीतरी दंड ठेवा." त्याने ठरवून टाकले, उशिरा येईल त्याने माइकवर गाणे म्हणायचे. मला फार बरे वाटले. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

बसायच्या जागा रोज बदलायच्या, तरी खिडकीवरून कुरबूर व्हायचीच. जेवणात कोणाला कांदा-लसूण नको, तर कोणाला तिखटाशिवाय घास उतरत नाही. रस्त्यावरच्या संडासाला अर्धा युरो, कुठे एक युरो. हिशेब करून आमचे हे म्हणाले, "सकाळपासनं शंभर रुपये नुसते यातच गेले." सगळ्यात चीड यायची ती दुकानांची. जर्मनीत काळ्या जंगलाच्या मुलखात पोचलो. पाइनची झाडी, चढावरची कुरणे, लाकडी घरे. वाटले, थोडे पायी फिरावे. तर कोकीळ ओरडणाऱ्या घड्याळांच्या दुकानात एक तास गेला आणि झाडीला मिळाली वीस मिनिटे.

बसच्या चालकाचीही एक गोष्ट सांगते. बेल्जियमहून येताना मुक्काम अवघा अर्ध्या तासावर होता आणि त्याने गाडी थांबवली ती पाऊण तास हलवली नाही. मंडळी चिडली. मग कळले, तिकडे साडेचार तास गाडी चालवली की चालकाने पाऊण तास विसावा घ्यायचाच, असा कायदा आहे. दिवसाला नऊ तास, आणि आठवड्यातून फक्त दोनदा दहा तासांपर्यंत मुभा. गाडीतले यंत्र मिनिटामिनिटाची नोंद ठेवते आणि नियम मोडला तर भारी दंड. हे ऐकल्यावर आमच्या ह्यांचा राग गेला. हंगामात उसाच्या ट्रॅक्टरवर रात्र-रात्र जागून दोन ट्रॉल्या ओढणारी आपल्याकडची पोरे त्यांना आठवली असावीत. म्हणाले, "झोपू दे त्याला. चालवणारा जागा असला तरच मागचे झोपतात."

समुद्राच्या खालची शेते

पॅरिसचा मनोरा पाहिला. १८८९ सालचा, सगळा लोखंडी, मोठाच आहे. पण माझे मन भरले ते हॉलंडमध्ये. लिस या गावाजवळ केउकेनहॉफ नावाची ट्यूलिपची बाग आहे, ३२ हेक्टरची. दरवर्षी सुमारे सत्तर लाख कंद तिथे हाताने लावतात आणि बाग वसंतात जेमतेम दोन महिने उघडी असते. शहरच्या बायका फुलांबरोबर फोटो काढत होत्या. मी आणि द्राक्षवाले भाऊ कुंपणापलीकडच्या शेतांकडे बघत होतो. तिथे एक यंत्र चालले होते आणि फुलांची मुंडकी खुडून वाफ्यातच टाकत होते! विचारले तेव्हा समजले की त्या शेतकऱ्यांचे पीक फूल नव्हे, कंद आहे. फूल ठेवले तर कंद पोसत नाही. आपल्या कांद्याला डेंगळा आला की कांदा जसा बसतो, तसेच. माझ्या अंगावर रोमांच आले. एवढ्या लांब येऊन कोणीतरी आपलीच भाषा बोलावी तसे झाले.

भाऊंना दोन कंद घरी न्यायचे होते. पण परवानगी आणि रोगमुक्ततेचा दाखला असल्याशिवाय लागवडीचे काहीही आपल्या देशात आणता येत नाही. हळहळले, पण म्हणाले, "बरोबर आहे. एक रोग आला की सगळा तालुका बसतो."

आणि तिथले पाणी! रस्त्याच्या एका बाजूला कालवा, त्यात बोटी चाललेल्या, आणि दुसऱ्या बाजूला शेत. कालवा वर आणि शेत खाली! तिथून जवळच पूर्वी हार्लेमचे मोठे सरोवर होते. वाफेच्या पंपांनी उपसून १८५२ साली ते कोरडे केले आणि तळाशी गावे, शेते वसवली. आजचा ॲमस्टरडॅमचा विमानतळ त्याच सरोवराच्या तळाशी आहे. देशाचा सुमारे चौथा हिस्सा समुद्राच्या पातळीखाली. १९३२ साली त्यांनी ३२ किलोमीटरचा बंधारा घालून समुद्राचा एक आखातच तोडला आणि पुढे त्यातून जमिनी काढल्या.

हे काम बघणाऱ्या पाणी-मंडळांची परंपरा सातशे वर्षांहून जुनी आहे. मंडळाची निवडणूक होते, मंडळ स्वतःचा कर गोळा करते आणि बांध, पंप, चर यांची निगा ठेवते. आपल्याकडच्या पाणीपुरवठा संस्था आठवल्या. पण एक गोष्ट फार मनाला लागली. १९९३ आणि १९९५ साली त्यांच्या नद्यांना मोठे पूर आले. तेव्हा त्यांनी नुसते बांध उंच केले नाहीत. कित्येक ठिकाणी बांध मागे सरकवले, नदीला पसरायला जागा मोकळी करून दिली, आणि त्यासाठी काही शेतकऱ्यांना घरे हलवावी लागली. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेचे पाणी आमच्या गोठ्यात शिरले होते. म्हशी रस्त्यावर बांधून आम्ही रात्री काढल्या. त्यामुळे त्या बसमधून मी कालव्याकडे बघत होते ते काही सहलीला आल्यासारखे नव्हते. पण तिथे उतरून कोणा शेतकऱ्याशी बोलावे म्हटले तर वेळ नव्हता. अशी चुटपुट या सहलीत रोजच लागते.

शेणाचा वास

स्वित्झर्लंडमध्ये टिटलिस डोंगरावर गोल फिरणाऱ्या पाळण्यातून गेलो. वर तीन हजार मीटरवर बर्फ. आमचे हे लहान पोरासारखे बर्फात बसले आणि उठेनात. चाळीस वर्षांच्या संसारात मी त्यांना असे हसताना दोन-चार वेळाच पाहिले असेल. सात लाखांतले निम्मे तिथेच वसूल झाले, असे मी मनात धरले.

खाली दरीतल्या गावात उतरलो तर सगळीकडे शेणाचा वास! शेण-मुताची पातळ रबडी टाकीतून कुरणावर फवारत होते. शहरच्या मंडळींनी नाकाला रुमाल लावले. मला मात्र घरी आल्यासारखे वाटले. धष्टपुष्ट गाई, गळ्यात एवढाल्या घंटा. उन्हाळ्यात, जूनच्या सुमारास, त्या उंच कुरणांवर चरायला जातात आणि सप्टेंबरात फुलांनी सजवून वाजतगाजत खाली आणतात. म्हणजे तिकडचा बेंदूरच. डोंगरउतारावरची कुरणे राखली, कापली, म्हणून सरकार शेतकऱ्याला दर हेक्टरी पैसे देते. माणूस डोंगर सोडून गेला तर कुरणे रान होतील, हे त्यांनी ओळखले आहे.

फ्लॉरेन्सचा मंगळवार

व्हेनिस झाले आणि मग फ्लॉरेन्सची पाळी आली. आदल्या रात्री मी व्यवस्थापकाला म्हटले, "बाळा, उद्या छत्रीला किती वाजता जायचं?" तो गोंधळला. "कुठली छत्री, काकू?" कार्यक्रमात छत्री नव्हतीच. सकाळी दहा ते साडेअकरा शहर पायी पाहणे, मग चामड्याच्या वस्तूंचे दुकान, बांधून आणलेले जेवण, पावणेदोनला ठरलेल्या चौकात हजर, आणि तिथून पिसाचा कलता मनोरा. छत्री शहराच्या पार टोकाला. बसला शहरात वाटेल तिथे फिरायची परवानगी नाही. "सॉरी काकू," म्हणाला, "एकासाठी बेचाळीसजणांचा कार्यक्रम बदलता येत नाही."

मला रडूच आले. खोलीत जाऊन बॅगेतली बाटली काढून टेबलावर ठेवली. हे म्हणाले, "उगाच त्या पोरावर चिडू नको. त्याच्या हातात काय आहे? तो हुकमाचा ताबेदार." ते खरे होते. पण मामंजींना काय सांगायचे?

सकाळी नाश्त्याला मी हे सगळे शिक्षिकाबाईंना सांगितले. मागच्या टेबलावर ते नवे जोडपे बसले होते. मुलगा उठून आला. म्हणाला, "काकू, मी फोनवर बघितलंय. स्टेशनपासून ट्राम आहे. काशिने नावाच्या थांब्यावर उतरून बागेतून चालायचं, अडीच-तीन किलोमीटर. चामड्याचं दुकान सोडलं तर जमेल. आम्ही येतो तुमच्याबरोबर." ज्यांना मी दंड लावला, तेच! मला मान वर करवेना. द्राक्षवाले भाऊही तयार झाले. व्यवस्थापकाने, आपल्या जबाबदारीवर जात आहोत, असे कागदावर लिहून घेतले आणि दोनदा बजावले, पावणेदोन म्हणजे पावणेदोन.

साडेअकराला आम्ही पाचजण निघालो. ट्राममधून उतरलो तर समोर बाजार! दर मंगळवारी सकाळी त्या बागेत आठवडी बाजार भरतो. कपडे, भांडी, चपला, फुलझाडांच्या कुंड्या आणि खायचे पदार्थ. विकणारे ओरडत होते, घेणाऱ्या बाया कापड ताणून बघत होत्या, घासाघीस करत होत्या. भाषा एक अक्षर कळत नव्हती, पण सगळे कळत होते. सगळ्या सहलीत मला तिथे सगळ्यात मोकळे वाटले. तरी थांबलो नाही.

ही काशिने बाग म्हणजे जुन्या मेदिची सरदार घराण्याची गाई-गुरांची शेती आणि शिकारीचे रान. तिकडे दुधाच्या गोठ्याला "काशिना" म्हणतात, त्यावरूनच हे नाव. आता झाडी, सायकलवाले, पळणारी माणसे. एका बाजूने आर्नो नदी. आम्ही झपाझप चालत होतो. आम्हाला चालण्याचे काय, पण ती नवी सूनबाई उंच टाचांच्या चपला हातात घेऊन अनवाणी चालत होती. वाटेत कुत्रा फिरवणारे एक म्हातारे गृहस्थ भेटले. मुलगा काही विचारणार तोच आमच्याकडे बघून म्हणाले, "इंडियानो?" आणि काठीने पुढे दाखवले. दीडशे वर्षे झाली, त्या ठिकाणाला ते लोक "हिंदी माणसाची जागा" असेच म्हणतात. शेजारी १९७० च्या दशकात बांधलेला तारांचा मोठा पूल आहे, त्याचेही नाव "हिंदी माणसाचा पूल".

आणि झाडी संपली तिथे छत्री दिसली. खांबांवर घुमट, नक्षी, अगदी आपल्याकडच्या घाटावर असावी तशी. आत महाराजांचा अर्धपुतळा, रंगवलेला. डोक्याला पागोटे, गळ्यात अलंकार, चेहरा कोवळा. वीस वर्षांचे पोर. आमचा धाकटा त्या वयाचा होता तेव्हा कॉलेजातून घरी यायला एक दिवस उशीर झाला तरी माझा जीव टांगणीला लागायचा.

ह्यांनी चपला काढल्या, डोक्यावरची टोपी नीट केली. जिथवर हात पोचला तिथे बाटलीतले पाणी हळूहळू घातले. कोणी काही बोलले नाही. भाऊंनी बाटलीतला शेवटचा थेंब हातावर घेऊन कपाळाला लावला. त्या नव्या मुलीने फोटो काढायला फोन वर केला आणि मग खाली घेतला. थोड्या वेळाने मीच म्हटले, "काढ गं, मामंजींना दाखवायचाय."

दंड

घड्याळाकडे बघितले तर एक वाजून दहा मिनिटे. येताना तीन किलोमीटर चालायचे, म्हणजे जातानाही तेवढेच, हा हिशेब आम्ही धरलाच नव्हता असे नाही, पण ट्रामची वाट बघणे आणि स्टेशनापासून चौकापर्यंतची गर्दी धरली नव्हती. धापा टाकत चौकात पोचलो तेव्हा दोन वाजून दहा मिनिटे झाली होती. पंचवीस मिनिटे उशीर!

सगळी मंडळी उन्हात उभी. कोणी बोलेना. मधुमेहवाले आजोबा एका पायरीवर बसलेले, चेहरा उतरलेला. त्यांचा मुलगा ताडकन म्हणाला, "तुमची भक्ती तुमच्याजवळ. आमच्या बाबांना का शिक्षा?" मला उत्तर नव्हते. शिक्षिकाबाईंनी व्यवस्थापकाला थांबवून धरले होते, नाहीतर बस पुढे गेली असती आणि आम्हाला रेल्वेने मागून जावे लागले असते. पुढे रस्त्यात गर्दी लागली, चालकाचे तास मोजलेले, आणि पिसाचा मनोरा अर्ध्या तासात उरकावा लागला. सोलापूरकडच्या मुलांना वर चढायचे होते, ते राहिले. ते आमच्यामुळे राहिले, हे मला मान्य केलेच पाहिजे.

संध्याकाळी बसमध्ये मी स्वतःच माइक मागून घेतला. सगळ्यांची माफी मागितली आणि दंड म्हणून जात्यावरची ओवी म्हटली. गळा काही चांगला नाही. मग लाडवांचा डबा फिरवला. लाडवांनी राग गेला असे म्हणणार नाही. आजोबांच्या मुलाने घेतला नाही. पण आजोबा म्हणाले, "मला गोड चालत नाही, पण ती छत्रीची गोष्ट सांगा." मी सगळी सांगितली. बसमध्ये शांतता होती. शेवटी मागून कोणीतरी म्हणाले, "अहो, मग आम्हाला आधी का नाही सांगितलं? चामड्याचं दुकान सोडून आम्हीही आलो असतो."

ही गोष्ट मला फार लागली. खरेच, पहिल्या दिवसापासून दहा दिवस मी बसमध्ये होते. जागेवरून बोलले, उशिरावरून बोलले, आणि ज्यासाठी आले होते ते मात्र कोणालाच सांगितले नाही. ज्या जोडप्याला मी दंड लावला, त्यांची रोजची दहा मिनिटे कशात जात होती हेही त्या दिवशी समजले. मुलीला परक्या ठिकाणी झोप लागत नसे आणि सकाळी उलट्या होत. कोणाला सांगायला तिला संकोच वाटत होता.

जाणाऱ्यांसाठी चार शब्द

तर भगिनींनो, जमले तर जरूर जा. पण पैसे भरण्यापूर्वी कार्यक्रमाचा कागद घरी आणून दिवसवार वाचा. कुठे "आतून पाहणे" आणि कुठे नुसते "बसमधून पाहणे" लिहिले आहे ते बघा. कोणत्या दुकानात किती वेळ जाणार, ते विचारा. तुम्हाला काही खास बघायचे असेल तर तोंडी "हो" वर विसंबू नका, लिहून घ्या. पायात रोजच्या सवयीची चप्पल किंवा बूट घाला. औषधे हातातल्या पिशवीत ठेवा. एका देशात दोन मुक्काम असलेली सहल घ्या, एका मुक्कामात दोन देश दाखवणारी नको. आणि पहिल्याच संध्याकाळी सगळ्यांना सांगा, मी अमुक गोष्टीसाठी आले आहे. बेचाळीसजणांत एक तरी मदतीला निघतोच.

घरी आलो तेव्हा मामंजी सोप्यात बसून होते. फोटो दाखवला. चष्मा पुसून पुसून त्यांनी तो बघितला. मग विचारले, "नदीला पाणी हाय का?"

म्हटले, "आहे मामंजी. चांगलं वाहतंय."

"बास," म्हणाले, आणि रिकामी बाटली मागून घेतली. आता तीत ते म्हशींच्या कासेला लावायचे तेल ठेवतात.